भयकादंबरी आणि तिचे अल्पवयीन वाचक

आवडत्या भयकादंबऱ्या कोणत्या, असं विचारलं की बहुतेकांच्या उत्तरात दहा ते पंधराच्या वयात वाचलेलं एखादं पुस्तक असतंच. आणि ते पुस्तक सहसा त्या वयासाठी लिहिलेलं नसतं. मोठ्यांच्या कपाटातून नाहीतर माळ्यावरच्या पेटीतून ते हाती लागलेलं असतं. ही चोरवाट अलीकडची नाही, या साहित्यप्रकाराच्या इतिहासात ती जवळजवळ पहिल्यापासून आहे.

सुरुवात साधारणपणे १७६४च्या डिसेंबरात लंडनमध्ये आलेल्या ‘द कॅसल ऑफ ओट्रांटो’पासून धरतात. ऐन लग्नाच्या दिवशी राजपुत्र एका अजस्र शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो, अशी तिची सुरुवात. लेखक हॉरेस वॉलपोल याने पहिल्या आवृत्तीला स्वतःचं नाव दिलं नाही. जुन्या इटालियन ग्रंथाचा हा अनुवाद आहे, अशी थाप मारली. पुस्तक गाजल्यावर मात्र दुसऱ्या आवृत्तीत खरं काय ते सांगून टाकलं. पुढच्या तीसेक वर्षांत पडके वाडे, तळघरं आणि छळल्या जाणाऱ्या नायिका यांचं पेवच फुटलं. तेव्हा कादंबरी विकत घेणं फार थोड्यांना परवडायचं, त्यामुळे ही पुस्तकं वर्गणी घेऊन पुस्तकं घरी देणाऱ्या वाचनालयांतून घरोघरी पोचली.

वाचक तरुण होते, तसे लेखकही. ‘द मंक’ लिहिताना मॅथ्यू लुईस अवघा एकोणीस वर्षांचा होता. पुस्तक १७९६ साली आलं आणि इतका गहजब झाला, की नंतरच्या आवृत्तीत त्याला स्वतःच्या मजकुरावर कात्री चालवावी लागली. इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे १८१६चा युरोपातला उन्हाळा पावसात आणि गारठ्यात गेला. जिनिव्हाच्या सरोवराकाठी अडकून पडलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहायची पैज लावली, आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ सुरू करणारी मेरी शेली तेव्हा अठरा वर्षांची होती.

या वेडाचं सर्वांत नेमकं चित्र मात्र एका विनोदी कादंबरीत सापडतं. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’मधली सतरा वर्षांची कॅथरीन ही ॲन रॅडक्लिफ या लेखिकेची ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ ही भयकादंबरी वाचत असते. त्या कादंबरीतल्या काळ्या पडद्यामागे काय आहे, याने ती झपाटलेली असते, पण कुणी सांगू लागलं तर कानांवर हात ठेवते. पुढे पाहुणी म्हणून एका जुन्या मठात राहायला गेल्यावर, वादळी रात्री तिला खोलीतल्या काळ्या कपाटात कागदांची गुंडाळी सापडते. तेवढ्यात मेणबत्ती विझते आणि ती रात्रभर पांघरुणात थरथरत पडते. सकाळी उघडून पाहते, तर धोब्याचा हिशेब! ऑस्टिन हसते खरी, पण तिरस्काराने नाही. हे वाचन तिने स्वतः मनापासून केलेलं दिसतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात छपाई स्वस्त झाली आणि भीती एका पेनीत मिळू लागली. दर आठवड्याला आठ पानं, वर एक भडक चित्र. ‘व्हार्नी द व्हॅम्पायर’ १८४५ ते १८४७ अशी याच पद्धतीने चालली. ‘ड्रॅक्युला’ यायला अजून पन्नास वर्षं होती. कामगार वस्त्यांतली मुलं पैसे जमवून अंक घेत, आणि ज्याला वाचता येई तो बाकीच्यांना वाचून दाखवी. पोरं बिघडतात ती याच वाचनाने, ही ओरडही तेव्हाचीच.

त्या ओरडीचं टोक १९५४ साली ग्लासगोमध्ये गाठलं गेलं. लोखंडी दातांच्या पिशाच्चाने दोन मुलं खाल्ली, अशी अफवा उठली आणि सप्टेंबरच्या एका संध्याकाळी शेकडो मुलं काठ्या आणि सुऱ्या घेऊन तिथल्या दफनभूमीत शिकारीला घुसली. खापर अमेरिकन भयकॉमिक्सवर फुटलं. असं पिशाच्च असलेलं कॉमिक तेव्हा काही कुणाला दाखवता आलं नाही. लोखंडी दातांची बाई होती ती एका जुन्या स्कॉटिश कवितेत! तरीही १९५५ साली ब्रिटनने मुलांसाठीच्या ‘घातक’ प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. अमेरिकेतल्या कॉमिक्स प्रकाशकांनी त्याआधीच, १९५४ साली, स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली होती.

त्याच काळात वाढणाऱ्या स्टीफन किंगला नातेवाइकांच्या माळ्यावर, घर सोडून गेलेल्या वडिलांच्या पुस्तकांची पेटी सापडली. तीत लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराचा एक कथासंग्रह होता. आपली वाट तिथून सुरू झाली, असं किंगने स्वतः लिहून ठेवलंय. १९७४ साली आलेल्या त्याच्या ‘कॅरी’ने भीती पडक्या वाड्यातून उचलून थेट शाळेत आणली. माझ्या मते वॉलपोलनंतरचं सर्वांत मोठं वळण हेच. शाळकरी वयाचा जाच हाच भयाचा ऐवज झाला, आणि आजवर चोरून वाचणारी मुलं आता स्वतःच कथेच्या मध्यभागी आली.

मुलांसाठी म्हणून भयकथा लिहिण्याची लाट त्यानंतरची. आर. एल. स्टाइनची ‘गूजबम्प्स’ मालिका १९९२मध्ये सुरू झाली. त्याआधी, १९८१ साली, ॲल्विन श्वार्ट्झने लोककथांवरून ‘स्केअरी स्टोरीज टू टेल इन द डार्क’ रचलं होतं. १९९०च्या दशकात अमेरिकी ग्रंथालयांत सर्वाधिक हरकती आल्या त्या श्वार्ट्झच्या याच पुस्तकमालेवर. हरकत गोष्टींइतकीच स्टीफन गॅमेलच्या शाई ओघळल्यासारख्या चित्रांवरही होती. पुढे प्रकाशकाने ती काढून सौम्य चित्रं घातली, तेव्हा तक्रार केली ती लहानपणी त्याच चित्रांना घाबरलेल्या वाचकांनी. काही वर्षांनी गॅमेलची चित्रं पुन्हा छापली गेली.