जळीत कक्षातून घरी: मुंबईतल्या उपचारांची पार्श्वभूमी

मुंबईच्या चाळीतल्या खोलीत स्वयंपाक जमिनीवर, पंपाच्या स्टोव्हवर होत असे. स्टोव्ह तापलेला असताना टाकीत रॉकेल ओतलं, किंवा नोझल तुंबलेलं असताना जोरात पंप मारला, की भडका उडतो. नायलॉनचा पदर पेट घेतो आणि वितळून कातडीला चिकटतो. काही घरांत मात्र आग लागत नव्हती, लावली जात होती. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत ४९८-अ (सासरचा छळ, १९८३) आणि ३०४-ब (हुंडाबळी, १९८६) ही कलमं आली ती हुंड्याच्या छळापायी. २००१ या एका वर्षात देशात आगीने सुमारे १ लाख ६३ हजार माणसं मेली, त्यांत १ लाख ६ हजार बायका, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या, असा अंदाज २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

यातून वाचणाऱ्या बाईचे पहिले तास सलाईनवर ठरतात. ते किती द्यायचं हे अंग किती टक्के भाजलं यावरून काढतात: एक हात म्हणजे अंगाचा ९ टक्के भाग, छाती-पोट मिळून १८. दोन्ही हात आणि छाती-पोट भाजलेली ५० किलोची बाई म्हणजे ३६ टक्के. ४ मिली गुणिले वजन गुणिले टक्के, म्हणजे २४ तासांत ७.२ लिटर रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाईन), त्यातलं निम्मं पहिल्या ८ तासांत. हे ८ तास भाजल्यापासून मोजायचे. जवळच्या नर्सिंग होममध्ये तीन तास नुसतेच गेले, तर ३.६ लिटर उरलेल्या पाच तासांत द्यावं लागतं. ताशी २५ ते ३० मिली लघवी होते का, हे बघून वेग कमी-जास्त करतात: कमी पडलं तर मूत्रपिंडं बसतात, जास्त झालं तर फुप्फुसांत पाणी होतं.

यातून निभावलं की पुढचा धोका जंतुसंसर्गाचा, कारण उघड्या जखमेवर पांघरूण नसतं. वर ड्रेसिंगच्या वेदना. चिकटलेला गॉज ओढला की खाली आलेली कोवळी त्वचाही निघते. याच अडचणीवर मुंबईने दोन स्वस्त उपाय काढले. परळच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग केलं; त्याचा निबंध १९८५चा. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान निर्जंतुक करून वापरलं. पान मेणचट, जखमेला धरत नाही, काढताना ओढ बसत नाही. परदेशी ड्रेसिंगच्या किमती परवडत नव्हत्या म्हणून हे शोध लागले, आणि त्यांचं हवं तेवढं कौतुक झालं नाही.

फार भाजलेल्या बाईच्या अंगावर कलमासाठी, म्हणजे जखमेवर त्वचेचा थर लावायला, पुरेशी स्वतःची त्वचा उरत नाही. २००० साली शीवलाच त्वचापेढी सुरू झाली ती त्यासाठी. दात्याच्या मृत्यूनंतर ६ तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठीवरून पातळ थर काढतात, ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये थंड तापमानाला ठेवतात. रक्तगट जुळवावा लागत नाही. ही त्वचा कायमची जगत नाही, दोन-तीन आठवड्यांत सुटते; तेवढ्या अवधीत संसर्ग आवरतो आणि बाईची ताकद भरून येते.

तिच्या जिद्दीचा खरा कस लागतो फिजिओथेरपीत. आराम वाटतो ती स्थिती बहुधा आखडण्याची असते. मान भाजलेल्या बाईच्या डोक्याखाली नातलग कणवेने उशी ठेवतात आणि हनुवटी छातीकडे ओढली जाते. उशी काढून मान मागे झुकलेली ठेवायची, भाजलेली काख असेल तर हात अंगापासून ९० अंशांवर स्प्लिंटमध्ये (आधाराच्या पट्टीत). त्यानंतर व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे, दिवसाचे २३ तास, वर्षभर तरी. मुंबईच्या मे महिन्यात हे कपडे घामाने खाजतात, म्हणून अनेकजणी ते सोडून देतात. अशावेळी दोन जोड घ्यावेत: एक धुवायला, एक अंगावर. सैल पडला की नवा शिवून घ्यावा. व्रण जाड होऊन सांधा आखडलाच, तर ती जागा शस्त्रक्रियेने मोकळी करून कलम लावतात, आणि स्प्लिंट पुन्हा पहिल्यापासून.