ऑइलमध्ये पाणी आणि लोखंडाला भोक पाडणारे बुडबुडे

उसाचा हंगाम सुरू झाला की लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या ट्रक गॅरेजात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "मिस्त्री, ऑइल पांढरं व्हायलंय." मिस्त्रीचं उत्तरही ठरलेलं, "हेड गॅस्केट गेलं," म्हणजे इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधली सीलची पत्री. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण हेड खोललं, लेथवर फेस मारून आणला, नवं गॅस्केट टाकलं आणि थोड्याच दिवसांत गेजपट्टी परत दुधाळ, असं झालं की मालक बंपरला लिंबू-मिरची आणि काळी बाहुली वाढवतो. नजर-बिजर काही लागलेली नसते हो, इंजिन गार ठेवणारं पाणी दुसऱ्या वाटेनं ऑइलमध्ये यायलेलं असतं.

वाटा तरी किती? हेड गॅस्केट किंवा हेडलाच गेलेली चीर, ऑइल कूलर (इथे पाण्यानं ऑइल गार होतं), लायनरच्या (पिस्टन जिच्यात वरखाली होतो ती ब्लॉकमध्ये बसवलेली नळी) खालच्या रबरी रिंगा, आणि खुद्द लायनर. ऑइल कूलरची ओळख दाबावरून पटते. गाडी पळत असताना ऑइलचा दाब साधारण तीन-चार बार असतो आणि पाण्याचा फार तर एक बार, म्हणून कूलर फुटला की चालू गाडीत ऑइल पाण्यात घुसतं आणि रेडिएटरमध्ये तेलकट थर दिसतो (झाकण गार झाल्यावरच खोला, नाहीतर तोंड भाजेल). इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब लगेच शून्यावर येतो पण पाणी गरमच असतं, त्याचा दाब बराच वेळ टिकतो, मग पाणी उलटं ऑइलमध्ये शिरतं. दोन्हीकडे घाण दिसली तर हेडला हात लावायच्या आधी कूलर बघा.

आता लायनर, ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो. मोठ्या डिझेल इंजिनात बहुतेक वेट लायनर असतात, म्हणजे आतून पिस्टन घासतोय आणि बाहेरून थेट पाणी लागलंय. पिस्टन जोरात खाली जाताना कनेक्टिंग रॉड तिरका असतो, त्यामुळे पिस्टन लायनरच्या एका बाजूवर आपटतो आणि लायनर देवळातल्या घंटेसारखा थरथरतो. ही थरथर डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक, पण इतकी झपाट्याची की लायनरची भिंत पाण्यापासून मागे सरकते तेव्हा पाण्याला तिच्या मागोमाग जायला वेळच मिळत नाही. तिथला दाब क्षणभर एवढा पडतो की पाणी जागच्या जागी उकळतं (दाब कमी तर उकळबिंदू कमी, हे शाळेत झालंय) आणि वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात. पुढच्याच क्षणी भिंत परत येते, दाब वाढतो, वाफेचं पाणी होतं आणि बुडबुडा आत कोसळतो. कोसळताना एवढ्याशा जागेत दाब हजारो वातावरणांपर्यंत जाऊ शकतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये याचं गणित मांडलं, तेव्हा प्रश्न जहाजांच्या पंख्यांना पडणाऱ्या खड्ड्यांचा होता. त्यांनी धरलेला बुडबुडा गोल आणि मोकळ्या पाण्यातला. भिंतीजवळचा मात्र वाकडा कोसळतो, लांबची बाजू आधी आत घुसते आणि पाण्याची सुईसारखी धार भिंतीवर बसते.

एका धारेनं लोखंडाला काही होत नाही, पण तिच्यावरचा ऑक्साइडचा पातळ पापुद्रा उडतो, उघडं लोखंड गंजतं, गंज पुढची धार उडवते, परत गंज. असं चालत लायनरच्या बाहेरून, पिस्टन आपटतो त्याच बाजूला, उभ्या रांगेत खड्डे पडतात आणि त्यातला एखादा आरपार जातो. जड गाड्यांच्या बऱ्याच कूलंटमध्ये नायट्राइट असतं ते यासाठीच, ते पापुद्रा पटकन परत धरून देतं म्हणजे मार पापुद्रा खातो, धातू नाही. नायट्राइट झिजतं म्हणून कूलंट वेळेवर बदलायचं. साध्या पाण्यात ही सोयच नाही, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, त्याचा थर बसून उष्णता अडते ती वेगळीच. एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं, तेव्हा रेडिएटरला डिस्टिल्ड वॉटर घाल म्हणायला माझीही जीभ रेटली नसती, पण इंजिनाला दुष्काळ कळत नाही.

गंमत म्हणजे आरपार भोक पडलं की चालू इंजिनात पाण्यापेक्षा कितीतरी जास्त दाबाचा गॅस पाण्यात शिरतो, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, आणि हेड गॅस्केट गेल्यावरही अगदी हेच दिसतं! म्हणून हेडवर खर्च होतो. रात्री त्याच भोकातून पाणी सिलिंडरमध्ये उतरतं, पिस्टनच्या रिंगांमधून झिरपत चेंबरमध्ये (इंजिनाखालची ऑइलची टाकी). सिलिंडरमध्ये जास्त साचलं आणि सकाळी सेल्फ मारला तर पाणी काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून संशय असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी सेल्फ न मारता चेंबरचा नट हळूच सैल करा, पाणी जड असल्यानं आधी तेच येईल. मग चेंबर उतरवून रेडिएटरला हातपंपानं झाकणावर लिहिलाय तेवढाच दाब द्या आणि खालून टॉर्च मारा. थेंब लायनरच्या बाहेरून ओघळतोय तर रबरी रिंगा, आतून येतोय तर लायनर किंवा हेड. एवढी तपासणी टाळायला लोक "बाटली ओता, लीकेज बंद" वाले व्हिडिओ बघून बाटली आणतात. दाब घेणारं भोक त्यानं टिकाऊ बुजत नाही, रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र चोंदू शकतात.

भोक पडलेला लायनर वेल्डिंग करून वापरायचा नाही, बदलायचाच, रबरी रिंगांसकट. नवा बसवल्यावर तो ब्लॉकच्या वर किती उठलाय ते डायल गेजनं मोजायचं, इथे मिलीमीटरच्या शंभराव्या भागांचा हिशोब असतो आणि तो चुकला की नवं गॅस्केटही जातं. बेअरिंगचे शेल काढून बघा, पाणी मिसळलेलं ऑइल क्रँकला नीट उचलून धरत नाही. ऑइल आणि फिल्टर दोन्ही नवे, आणि थोडी गाडी चालवून तेही परत सोडायचे, कारण कोपऱ्यात अडकलेला पांढरा चिखल पहिल्या ऑइलात सगळा निघत नाही.