टबातली मरळ आणि खिशातलं मीटर

नागपूर जिल्ह्यातल्या आंभोऱ्याला वैनगंगेच्या काठावर मासे घ्यायचं ठरत होतं. तेवढ्यात मित्राने खिशातून पेनाएवढं टीडीएस मीटर काढलं आणि पाण्यात बुडवलं. "२८०! पाह्य बे, आपल्या बोअरपेक्षा चांगलं पानी हाय. घेऊन टाक मरळ."

हे मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच बघतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतं. कीटकनाशक, कॉलऱ्याचे जंतू, पाऱ्याचा अंश यांतलं काहीही पाण्यात असलं तरी आकडा जागचा हलत नाही. फिल्टर विकणाऱ्यांनी घरोघरी फिरून 'टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध' हे असं काही डोक्यात भरवलंय, की लोक आता नदीचीही परीक्षा त्यावरच घेतात.

आंभोऱ्याचं पाणी येतं कुठून ते बघा. नाग नदी लावा गावाजवळच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावातून शहरात शिरते, नागपूरचं सांडपाणी पोटात घेत पिवळी नदीसह कन्हानला मिळते. कन्हान इथे वैनगंगेत येते आणि पुढे गोसीखुर्दचं धरण. म्हणजे सीताबर्डीतल्या मोरीचं पाणी फिरून फिरून माशांच्या घरात येतं.

त्यात मासा जगतो कसा? खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

एक लिटर हवेत साधारण २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात, पाणी अगदी उत्तम असलं तरी, मावतो जेमतेम साडेसात. पाणी तापलं की तोही कमी होतो, आणि आपला मे महिना तर तुम्हाला ठाऊकच आहे. सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू याच साडेसातावर ताव मारतात. मैल्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं, पाणी हिरवं होतं. दिवसा हे शेवाळ ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेही श्वासच घेतं. म्हणून पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो आणि मेलेले मासे सकाळी तरंगताना दिसतात. लगेच 'रात्री कोणीतरी विष टाकलं' अशी आवई उठते. कधी ती खरीही असते, पण पुष्कळदा मासे नुसते गुदमरलेले असतात.

मग दुपारी तरी माशाची सुटका होते का? तर नाही. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. हा वायू पाण्यात आम्लासारखा वागतो, त्यामुळे तो कमी झाला की पाण्याचा सामू (पीएच) चढतो. सांडपाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो: विद्युतभारित अमोनियम, जो बराचसा निरुपद्रवी, आणि भाररहित मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सरळ रक्तात घुसतो. एकूण अमोनिया तेवढाच राहतो, पण सामू बदलला की दोन रूपांतली वाटणी बदलते. ३० अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर मुक्त अमोनिया शंभरात एकही भाग नसतो. सामू ८ झाला की तो सात-आठ भाग होतो आणि ९ ला पंचेचाळीसच्या आसपास. शिवाय मासा स्वतःच्या शरीरातला अमोनियाही कल्ल्यांवाटेच बाहेर टाकतो. बाहेरच तो साचला की आतला निघायचा कुठून? तुंबलेल्या मोरीसारखी गत.

म्हणजे दुपारी अमोनिया, पहाटे गुदमर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'ड' वर्गात, म्हणजे मत्स्यजीवनासाठीच्या पाण्यात, लिटरमागे विरघळलेला ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया जास्तीत जास्त १.२ आणि सामू ६.५ ते ८.५ असावा लागतो. पण नमुना कधी घेतला यावर सगळं अवलंबून. सकाळी अकराला, चहा घेऊन, गाडीने जाऊन बाटली भरणाऱ्याला नदी ठणठणीतच दिसणार. पहाटे पाचला तिथे बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड टाकून पाहा. ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ बसतो, नसेल तर पांढराशुभ्र. ऑक्सिजन मोजायची विंकलर या रसायनशास्त्रज्ञाची ही पद्धत १८८८ सालची आहे. पांढरा गाळ बसताना एकदा पाहिला की मीटरची हौस फिटते.

आता विक्रेत्याच्या टबातली मरळ. काळ्या पाठीची, हात लावला की सपकन उसळणारी. 'बघा, जित्ती आहे, म्हणजे पाणी चांगलं.' इथेच फसगत होते. मरळ पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेते, मागूरही तसाच. रोहू-कटला पटापट मरतील अशा पाण्यात मरळ मजेत जगते. तिच्या जित्तेपणावरून पाण्याबद्दल काहीच कळत नाही. लाल कल्ले आणि टवटवीत डोळेही मासा ताजा आहे एवढंच सांगतात. (दरवर्षी मृगाला हैदराबादेत दम्यावर औषध म्हणून जिवंत मरळीचं पिल्लू गिळतात. दमा त्याने बरा होतो, असं कुठल्याही नीट चाचणीत दिसलेलं नाही.)

माशाला मारणारा अमोनिया किंवा ऑक्सिजनचा तुटवडा आपल्या ताटात येत नाही. ताटात येतो तो पारा, आणि माशाला तो सहसा मारतही नाही. कोळशात पारा अत्यल्प असतो, जळताना बाहेर पडतो आणि शेवटी पाण्यात उतरतो. गाळात, जिथे ऑक्सिजन नसतो, तिथले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात, तिथून मरळीत जातो आणि दर पायरीला वाढतो. पाण्यात मोजायला गेलं तर हाताला लागत नाही इतका कमी, मोठ्या शिकारी माशाच्या मांसात त्याच्या लाखो पट. जपानमध्ये मिनामाताला कारखान्याच्या सांडपाण्यातला मिथाइल पारा असाच माशांतून माणसांत गेला; त्याने होणारा मेंदूचा आजार १९५६ साली उघडकीस आला, आणि त्यातून पोटातली बाळंही सुटली नाहीत. तो प्रथिनांना चिकटतो, म्हणून मीठ-हळद लावून, धुऊन, तळून जात नाही. जंतू शिजवल्यावर मरतात, पारा राहतो. तपासायचा तर पाणी नव्हे, माशाच्या पाठीचा तुकडा प्रयोगशाळेत द्यावा लागतो.

हे सगळं मित्राला काठावरच ऐकवलं. मासे विकणारी मावशी ऐकत होती. म्हणाली, "मंग नोको घेऊ मरळ. हा रोहू तळ्यातला हाय, नदीचा नाई." मित्राने मीटर पँटीला पुसलं, खिशात ठेवलं आणि दीड किलोचा रोहू कापून मागितला. गर्भवती बायकोसाठी नेत होता, हे मला तेव्हा कळलं.