ग्रंथालयातील नोकरीसाठी संगणकीय कौशल्ये: कोल्हापुरातील उमेदवारांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत विद्यापीठातील सहायक ग्रंथपाल आणि महाविद्यालयीन ग्रंथपाल या पदांसाठी किमान अर्हता ठरवून दिली आहे. ग्रंथालयशास्त्रातील पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा या अटी सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्या जोडीला असलेली ग्रंथालय संगणकीकरणाच्या ज्ञानाची अट मात्र बहुतेक जण वाचून पुढे जातात. हे ज्ञान कोणत्या प्रमाणपत्राने सिद्ध होते, याविषयी विनियमांत काहीही म्हटलेले नाही. त्यामुळे काही उमेदवार मिळेल त्या संगणकवर्गाचे प्रमाणपत्र गोळा करत बसतात, तर काही जण पदवीतच सारे आले असे समजून मुलाखतीला जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते आधी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला प्रवेश, त्याच काळात ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचा प्रत्यक्ष सराव आणि त्या सरावाची कागदोपत्री नोंद, हा क्रम ठेवला तर पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचा उपयोग होतो. खालील माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

कोणत्या शिक्षणावर कोणता अभ्यासक्रम

दहावी उत्तीर्ण व्यक्तीसाठी सार्वजनिक ग्रंथालयांच्या क्षेत्रातील प्रमाणपत्र अभ्यासक्रम हा पहिला टप्पा आहे. राज्याच्या ग्रंथालय संचालनालयाच्या मान्यतेने आणि ग्रंथालय संघांच्या पुढाकाराने हे वर्ग चालतात, म्हणून त्यांची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा ग्रंथालय संघाकडे करावी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेल्या अ, ब, क आणि ड वर्गांच्या ग्रंथालयांत काम करणाऱ्यांना हे प्रमाणपत्र विशेष उपयोगी पडते. बारावी उत्तीर्णांना इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, म्हणजे इग्नूचा, ग्रंथालय व माहितीशास्त्रातील प्रमाणपत्र अभ्यासक्रमही खुला आहे.

कोणत्याही शाखेच्या पदवीधराला बी.लिब. अर्थात ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदवीकडे वळता येते. शिवाजी विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग असून नियमित उपस्थिती शक्य असेल तर तोच पर्याय उत्तम, कारण विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे ग्रंथालय त्याच परिसरात असल्यामुळे वर्गात शिकलेले मोठ्या ग्रंथालयात कसे चालते, हे रोज पाहता येते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा बी.लिब. अभ्यासक्रम आहे, या विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकला असले तरी विभागीय केंद्र कोल्हापुरात आहे. इग्नूच्या बी.लिब.साठी पदवीला ५० टक्के गुण लागतात; तेवढे गुण नसतील तर ग्रंथालयशास्त्राची पदविका किंवा ग्रंथालयातील कामाचा अनुभव असणाऱ्यांना वेगळी वाट ठेवलेली आहे. एम.लिब. अर्थात या विषयाच्या पदव्युत्तर पदवीनंतर प्राध्यापक किंवा ग्रंथपाल व्हायचे असल्यास नेट परीक्षेत या विषयाचा संकेतांक ५९ आहे. ५५ टक्क्यांच्या अटीत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नॉन-क्रिमीलेअर गटातील इतर मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत मिळते.

एम.ए. किंवा एम.कॉम. चालू असताना बी.लिब. करता येईल का, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदवी अभ्यासक्रम करण्यास परवानगी दिली आहे. एक नियमित आणि दुसरा दूरशिक्षणाचा, असे करण्यास हरकत नाही. दोन्ही नियमित असतील तर त्यांच्या तासिकांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत.

ज्यांच्याकडे ग्रंथालयशास्त्राची पदवी आधीपासून आहे आणि केवळ तंत्रज्ञानाची बाजू भक्कम करायची आहे, त्यांनी इग्नूच्या ग्रंथालय स्वयंचलन व नेटवर्किंग या पदव्युत्तर पदविकेचा विचार करावा. एमएस-सीआयटी या संगणक साक्षरतेच्या अभ्यासक्रमाबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा हा अभ्यासक्रम किंवा त्याला समकक्ष ठरवलेले प्रमाणपत्र शासकीय पदांसाठी मागितले जाते, म्हणून ते असावेच; परंतु त्यात ग्रंथांचे तालिकीकरण, म्हणजे ग्रंथांच्या सूचीच्या नोंदी करणे, किंवा देवघेव शिकवली जात नाही, त्यामुळे ग्रंथालय संगणकीकरणाच्या ज्ञानाचा पुरावा म्हणून ते पुढे केल्यास निवड समितीचे समाधान होण्याची शक्यता कमी असते.

अर्जापूर्वीची ऑनलाइन ओळखपत्रे

मुक्त किंवा दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला २०२४ पासून डीईबी आयडी काढावा लागतो. हा आयडी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो आणि तो काढण्यासाठी आधी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे एबीसीचा, क्रमांक असावा लागतो. एबीसी क्रमांक डिजीलॉकरमधून तयार होतो आणि डिजीलॉकर आधारशी जोडलेल्या मोबाइल क्रमांकावरच उघडते. म्हणून ज्यांचा जुना मोबाइल क्रमांक बंद झाला आहे, त्यांनी प्रवेशाची जाहिरात येण्याची वाट न पाहता आधार केंद्रावर जाऊन नवा क्रमांक नोंदवून घ्यावा. अर्जाच्या शेवटच्या दिवशी ओटीपी न आल्यामुळे सारे अडते, आणि त्या दिवशी त्यावर कोणताही उपाय नसतो.

कागदपत्रे

मूळ यादी सर्वत्र साधारण सारखीच असते: दहावी, बारावी आणि पदवीच्या सर्व सत्रांची गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र किंवा ते मिळेपर्यंत तात्पुरते प्रमाणपत्र, शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, छायाचित्र आणि सही. यातील शेवटच्या दोन गोष्टी ठरावीक आकारातच स्वीकारल्या जातात, तेव्हा फाइलचा आकार माहितीपुस्तिकेतून पाहूनच स्कॅन करावे.

खरी अडचण नावाची असते. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांच्या नावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचे, आणि विवाहानंतर काही कागदांवर नवे तर काहींवर माहेरचे नाव, ही स्थिती अपवादाची नाही. नाव बदललेले असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा शासन राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी जोडावी. केवळ स्पेलिंगमध्ये फरक असेल तर आधारवरील नाव दहावीच्या गुणपत्रकाप्रमाणे करून घेणे अधिक सोयीचे ठरते, कारण गुणपत्रकात दुरुस्ती करण्यास शिक्षण मंडळाकडे बराच काळ लागतो. कोणता तरी एक कागद प्रमाण मानून बाकीचे त्याच्याशी जुळवायचे असतील, तर तो कागद दहावीचाच असावा.

शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे जिल्हे येतात. तेथील महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्यांना शिवाजी विद्यापीठात प्रवेश घेताना स्थलांतर प्रमाणपत्राचा प्रश्न येत नाही. अन्य विद्यापीठाच्या पदवीधरांना ते आपल्या आधीच्या विद्यापीठाकडून आणावे लागते आणि पात्रता प्रमाणपत्राची पूर्तताही करावी लागते. निपाणी, बेळगाव आणि सीमाभागातील इतर गावांतून कोल्हापुरात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. कर्नाटकातील विद्यापीठाची पदवी येथे चालते, पण तेथील शासनाने दिलेल्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्रातील आरक्षणाचा लाभ मिळत नाही, त्यामुळे प्रवर्गाच्या रकान्यात काय भरायचे, हे प्रवेश कक्षात विचारूनच ठरवावे.

आरक्षित प्रवर्गातून अर्ज करताना जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागते. जातीचा दाखला एकदाच काढावा लागतो. नॉन-क्रिमीलेअरची मुदत मात्र संपते आणि ती ३१ मार्चशी बांधलेली असते, म्हणून फेब्रुवारीत काढलेले प्रमाणपत्र जूनच्या प्रवेशाला चालेलच, असे गृहीत धरू नये. त्यासाठी मागील तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो आणि अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो. वैधता प्रमाणपत्र जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते आणि त्याला वेळ लागतो. समितीकडे प्रस्ताव दिला असेल तर त्याची पोच जपून ठेवावी. पदवीनंतर शिक्षणात खंड पडला असेल तर त्याविषयीचे प्रतिज्ञापत्र सोबत असावे. नोकरी करत असल्यास त्यात तसे स्पष्ट लिहावे, उगाच घरगुती कारण लिहू नये. तोच काळ पुढे अनुभव म्हणून दाखवायचा असतो आणि तेव्हा दोन कागद परस्परविरोधी दिसतात.

शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर स्वतंत्र अर्ज करावा लागतो. महाविद्यालयात प्रवेश झाला म्हणजे तो आपोआप होत नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसह अन्य योजनांच्या यादीत आपला अभ्यासक्रम आहे का, हे त्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे आणि बँक खाते आधारशी जोडलेले असल्याची खात्री करावी.

अर्ज भरताना

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी, वैयक्तिक व शैक्षणिक माहिती, कागदपत्रांचे अपलोड, शुल्क भरणा, छापील प्रत, गुणवत्ता यादी आणि मूळ कागदपत्रांची पडताळणी या क्रमाने प्रक्रिया पुढे जाते. श्रेणी पद्धतीने निकाल लागलेल्यांनी सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर स्वतःच्या अंदाजाने करू नये, आपल्या विद्यापीठाचे अधिकृत सूत्रच वापरावे. शुल्काची रक्कम खात्यातून गेली, पण पावती आली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा पैसे भरण्याऐवजी व्यवहार क्रमांक लिहून ठेवून मदत कक्षाशी संपर्क साधावा. मुक्त विद्यापीठाच्या अर्जात अभ्यासकेंद्र निवडावे लागते. घराजवळचे केंद्र सोयीचे असते हे खरे, परंतु बी.लिब.साठी ज्या केंद्राच्या ग्रंथालयात प्रत्यक्ष संगणकीकरण झालेले आहे, ते थोडे दूर असले तरी पत्करावे.

शिकायचे नेमके काय

न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि २००० पासून वापरात असलेली कोहा ही मुक्त संगणक प्रणाली, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची सोल, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय आणि डिजिटल संग्रहासाठी डीस्पेस ही नावे जाहिरातींत आणि मुलाखतींत पुन्हा पुन्हा येतात. चारही वरवर पाहण्यापेक्षा कोहा पूर्ण शिकणे श्रेयस्कर आहे, कारण ती विनामूल्य मिळते, घरच्या संगणकावर लिनक्स घालून बसवता येते आणि ती बसवताना सर्व्हर, डेटाबेस आणि बॅकअप यांचा परिचय आपोआप होतो. खरेदी, तालिकीकरण, देवघेव, नियतकालिके आणि अहवाल हे तिचे विभाग एकदा हाताखालून गेले की सोल शिकायला फार वेळ लागत नाही. त्याबरोबर मार्क २१ या नोंद-पद्धतीतील महत्त्वाची क्षेत्रे पाठ असावीत: शीर्षकासाठी २४५, लेखकासाठी १००, आयएसबीएनसाठी ०२०, ड्युई वर्गांकासाठी (पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक) ०८२. बारकोड छापून चिकटवणे हे काम किरकोळ वाटते, पण दाखल क्रमांक (पुस्तक ग्रंथालयात दाखल होताना मिळणारा क्रमांक) आणि बारकोड यांचा मेळ चुकला तर सगळी देवघेव विस्कळीत होते.

आपल्या भागात यापेक्षाही मोलाचे एक कौशल्य आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता, करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना तर १८५० ची आहे. अशा जुन्या परंपरेच्या प्रदेशात मराठी ग्रंथांच्या नोंदी अचूकपणे संगणकावर आणू शकणाऱ्या माणसांची गरज मोठी आहे. अनेक ग्रंथालयांच्या याद्या पूर्वी श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये टंकलिखित झाल्या. अशा फाइलमध्ये पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत साठवलेले संकेत रोमन अक्षरांचे असतात, त्यामुळे वाचकाने शोधपट्टीत मराठी नाव लिहिले तर काहीच सापडत नाही. या याद्या युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षर-संकेतपद्धतीत बदलणे, बदलताना तुटलेली जोडाक्षरे आणि रफार दुरुस्त करणे आणि मग त्या कोहात आयात करणे, हे काम ज्याला येते त्याला कोणतेही ग्रंथालय परत पाठवणार नाही. इंग्रजी पुस्तकाची तयार नोंद झेड ३९.५० या सोयीने दुसऱ्या ग्रंथालयातून उतरवून घेता येते. मराठी पुस्तकाची बहुधा स्वतःच करावी लागते. म्हणून इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकलेखन शिकावे, शक्य तर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षाही द्यावी. मोडी वाचता येत असेल तर ते अर्जात अवश्य लिहावे, कारण कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानकाळातील मोडी कागदपत्रे आहेत आणि जुन्या दस्तऐवजांच्या डिजिटायझेशनला लिपी जाणणारा माणूस लागतोच.

याशिवाय केंद्र शासनाच्या स्वयम् संकेतस्थळावर ग्रंथालय व माहितीशास्त्राचे अभ्यासक्रम विनामूल्य करता येतात. त्यांची सत्रे साधारणपणे जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात. नुसते व्हिडिओ पाहून प्रमाणपत्र मिळत नाही. स्वाध्याय वेळेत द्यावे लागतात आणि शुल्क भरून नेमलेल्या केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. गावोगावी होणाऱ्या एक-दोन दिवसांच्या कार्यशाळांच्या सहभाग प्रमाणपत्रांपेक्षा परीक्षा देऊन मिळवलेले असे एक प्रमाणपत्र मुलाखतीत अधिक वजनदार ठरते.

नोकरीच्या अर्जासाठी अनुभवाचा पुरावा

अभ्यासक्रम चालू असतानाच गावातील एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात संगणकीकरणाचे काम मानधनावर किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून करावे आणि काम संपताच अनुभव प्रमाणपत्र घ्यावे. ते संस्थेच्या छापील पत्रावर असावे. त्यावर जावक क्रमांक, दिनांक, कामाचा कालावधी, पद आणि सही करणाऱ्याचा हुद्दा असावा. मजकुरात नुसते समाधानकारक काम केले असे न लिहिता कोणत्या प्रणालीत कोणत्या प्रकारच्या नोंदी केल्या आणि त्या किती होत्या, हे लिहून घ्यावे. विनियमांत मागितलेले ज्ञान दाखवणारा याहून स्पष्ट कागद मिळणे कठीण आहे.

शासकीय पदासाठी याबरोबर अधिवास प्रमाणपत्र, संगणक अर्हतेचे प्रमाणपत्र आणि लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र लागते. सर्व प्रती स्वसाक्षांकित कराव्यात आणि प्रत्येक पानावर सही असावी. सध्या अन्य संस्थेत नोकरीत असलेल्यांनी अर्ज करण्यापूर्वीच नियोक्त्याकडे नाहरकत प्रमाणपत्राची लेखी मागणी करावी, ती आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी आणि मुलाखतीपर्यंत प्रमाणपत्र हाती आले नाही तर मागणीची ती शिक्क्याची प्रत पडताळणीच्या वेळी दाखवावी.