पट्टा ओढून नाही, पिळून पाहा

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की आमच्याकडे झोप लाईटच्या वेळापत्रकावर ठरते. रात्रपाळी असली की बारा-एकला उठून वावरात जायचं, मोटर सुरू करायची, मग पाट फोडत धुऱ्याधुऱ्यानं फिरायचं. कमरेला पट्टा, पट्ट्यात बॅटरी, टेस्टर, पक्कड, पाना आणि एका बाजूला विळा, सगळं मिळून दोन-अडीच किलो. मागच्या हिवाळ्यात पाट ओलांडायला उडी मारली आणि पक्कड पाउचातून उसळून चिखलात गेली. पट्टा तुटला नव्हता, पाउच फाटलं नव्हतं, बक्कलही जागेवर होतं. पट्टा फक्त बाहेरच्या बाजूला लवंडला होता, त्यामुळे पाउचचं तोंड तिरपं झालं होतं.

आमच्या गावचे एक भाऊ पोलिसात आहेत, सुट्टीत आले तेव्हा त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, अरे होल्स्टरचं, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या कमरेच्या म्यानाचं पण हेच होते. सकाळी ताठ असते, संध्याकाळपर्यंत पिस्तुलाची मूठ बाहेर झुकते आणि खालचा भाग मांडीत रुतते. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलाच नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

दुकानात पट्टा घेताना आपण काय करतो? दोन्ही हातात धरतो आणि झटका देऊन ओढतो, तुटला नाही की मजबूत. पण चांगल्या चामड्याचा 38 मिलिमीटर रुंद, 4 मिलिमीटर जाड पट्टा सरळ ओढला तर दोन-तीनशे किलोचा ताण सहज सहन करते, आणि आपण त्याला लावतो तीन किलो. म्हणजे ओढून पाहण्यात काही अर्थच नाही, तिथं जवळपास सगळेच पट्टे पास होतात. पट्टा हरते पिळाला. मजबुती वेगळी आणि ताठपणा वेगळा, सुतळी ओढायला किती मजबूत असते पण उभी करून पाहा, राहते का?

आता पीळ येते कुठून ते पाहू. पोलिसांकडे असते तसलं 9 एमएमचं पिस्तूल भरलेलं असलं की साधारण एक किलो. हे वजन पट्ट्याच्या आत नाही, बाहेर लटकते, समजा त्याचा मध्य पट्ट्यापासून 4 सेंटिमीटर बाहेर आहे. म्हणजे 1 किलो गुणिले 4 सेंटिमीटर एवढा पीळ पट्ट्यावर सतत आहे. पट्टा 4 सेंटिमीटर रुंद असेल तर सोप्या हिशेबानं त्याची वरची कड एक किलोच्या जोरानं बाहेर ओढली जाते आणि खालची कड तेवढ्याच जोरानं अंगात दाबली जाते. पट्टा 5 सेंटिमीटरचा घेतला की तोच जोर 800 ग्रॅमवर येते. आणि रुंदी तीच ठेवून वस्तू 4 ऐवजी 2 सेंटिमीटरवर, म्हणजे अंगाला चिकटून ठेवली, तर सरळ अर्ध्यावर! म्हणून फुगीर पाउच आणि जाडजूड होल्स्टर पट्ट्याला जास्त छळते, वजन तेवढंच असलं तरी. आणि हे झालं उभं असताना, धावताना किंवा उडी मारून पाय टेकताना तेच एक किलो दोन-तीन किलोसारखं वागते, माझी पक्कड त्याच क्षणी गेली.

आता खरी मजेची गोष्ट. पिळाला विरोध करायची ताकद रुंदीप्रमाणे साधी वाढते, पण जाडीप्रमाणे तिसऱ्या घातानं वाढते. 38 चा पट्टा 50 चा केला तर ताठपणा सव्वापटीहून थोडा जास्त, बस. पण 3 मिलिमीटरचा 4 मिलिमीटर केला, एकच मिलिमीटर वाढवला, तर 27 च्या जागी 64, म्हणजे जवळपास दोन पूर्णांक चार पट. जाडी दुप्पट केली तर आठपट. बांबूची पातळ कमची आणि जाड कमची हातात घेऊन पिळून पाहा, हिशेब न करता हाताला समजते.

इथंच बाजारात फसगत होते. दोन पदरी पट्टा म्हणून विकतात, पण दोन पदर नुसते एकावर एक ठेवून कडेला एक शिवण मारलेली असते. पट्टा पिळला की आतले पदर एकमेकांवर सरकतात, आणि सरकले की ते दोन वेगळे पट्टेच, ताठपणा फक्त दुप्पट. तेच दोन पदर मधून नीट चिकटवले आणि वर दोन-चार ओळी दाट शिवण घातली की सरकणं बंद, मग तो एक जाड पट्टा होते, ताठपणा आठपटीच्या जवळ जाते. चामडं तेवढंच, फरक चौपट, नुसत्या शिवणीचा. आजीच्या गोधडीत हेच आहे, टाके काढले की चिंध्यांचा ढीग आणि टाके घातले की गोधडी. नायलॉनच्या पट्ट्यातही आडव्या शिवणीच्या चार-पाच ओळी असतात त्या याच्यासाठीच, शोभेसाठी नाहीत.

म्हणून दुकानात पट्टा आडवा धरा, दोन हातांमध्ये एक वीत अंतर ठेवा आणि टॉवेल पिळतो तसा पिळा. सहज वळला की ठेवून द्या. एक वीत यासाठी म्हटलं की अंतर जेवढं जास्त तेवढा पट्टा जास्त वळते. पँटीलाही तेच लागू आहे, पँटीची लूप होल्स्टरच्या अगदी बाजूला किंवा होल्स्टर ज्या दोन लूपांनी पट्ट्यात अडकते त्यांच्या मधोमध आली पाहिजे, लांब असली तर चांगला पट्टाही लवंडते. आणि पाउचची लूप पट्ट्याच्या मापाचीच पाहिजे. 38 च्या पट्ट्यावर 50 ची लूप म्हणजे बारा मिलिमीटर मोकळी जागा, मग पट्टा कितीही ताठ असो, पाउच आपलं डुलणारच.

शरीराकडे येऊ. कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागते ती हाडाची कड हीच वजन ठेवायची खरी फळी आहे. पट्टा तिच्यावर टेकला की वजन हाडावाटे पायात जाते. पोटावर घट्ट आवळला तर ते मऊ, पट्टा सरकते, आपण अजून आवळतो, आणि मग वेगळाच त्रास सुरू होते. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून मांडीच्या बाहेरच्या बाजूला जाणारी एक नस आहे, ती दाबली गेली की मांडीला मुंग्या, बधिरपणा, जळजळ. याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात, 1895 पासून डॉक्टरांना या नावानं माहीत आहे आणि घट्ट पट्टा हे त्याचं एक नेहमीचं कारण. मांडी बधिर होत असेल तर पट्टा सैल करा, वजन दोन्ही बाजूंना वाटा, आणि तरी थांबलं नाही तर डॉक्टरला दाखवा. पाठीच्या मणक्यावर टणक वस्तू लावू नका, चिखलात घसरून मागे पडलं की ती थेट मणक्यावर बसते.

वजन फारच असेल तर खांद्याची मदत घ्यावी लागते. पोलीस अधिकाऱ्यांच्या छातीवरून तिरपा जाणारा क्रॉस बेल्ट पाहिला असेल, त्याला सॅम ब्राउन बेल्ट म्हणतात. सॅम ब्राउन हा इंग्रजांच्या घोडदळातला अधिकारी, 31 ऑगस्ट 1858 ला पिलिभीतजवळच्या लढाईत त्याचा डावा हात गेला. तलवारीचं म्यान डाव्या हातानं सावरायची सोयच राहिली नाही, म्हणून कमरपट्ट्याला उजव्या खांद्यावरून आणखी एक पट्टा जोडला. कमरेचा भार खांद्यावर गेला आणि म्यान हलायचं थांबलं. (आपल्याकडे शिपायाला पट्टेवाला म्हणतात तेही अंगावरच्या पट्ट्यावरूनच, आणि चपराशी हा शब्द पट्ट्यावरच्या चपरास नावाच्या बिल्ल्यावरून.)

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. हा पट्टा सामान वाहायचा आहे, माणूस लटकवायचा नाही. खांबावर चढणाऱ्या पोरांनी कमरेच्या साध्या पट्ट्याला दोर बांधून भरवसा ठेवू नये. माणूस पडून दोराला झटका बसला की तो सगळा झटका पोटावर आणि कण्यावर येते, किंवा माणूस उलटा होऊन पट्ट्यातून निसटते. अमेरिकेत बांधकामावर 1 जानेवारी 1998 पासून पडण्यापासून वाचवायला नुसता कमरपट्टा वापरायला बंदी आहे, मांड्या आणि खांद्यांवर झटका वाटून देणारा पूर्ण अंगाचा हार्नेसच लागते. होल्स्टरवाल्यांसाठी एवढंच, की हत्याराला परवाना लागतो हे तर आहेच, पण ट्रिगर पूर्ण झाकणारं आणि मापाचं होल्स्टर नसेल तर पट्टा कितीही चांगला असून उपयोग नाही.

माल कोणता घ्यावा? मी चामड्याच्या बाजूचा आहे, पण बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीनं, हिरड्यानं कमावलेल्या चामड्याच्या. या झाडांतलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य चामड्यातल्या कोलॅजनच्या तंतूंना एकमेकांशी बांधते, म्हणून ते ताठ राहते. क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं पाण्याला चांगलं, पण मऊ. आणि चुरा चिकटवून वर प्लास्टिकचा थर दिलेला स्वस्त पट्टा घेऊच नका, पावसाळ्याची ओल आणि आपल्याकडचा 45-46 अंशांचा मे महिना, त्याचा थर पापडासारखा सोलून निघते. रोज पाण्यात काम असेल तर नायलॉनपेक्षा पॉलिस्टर बरं. नायलॉन हवेतलं पाणी 4 टक्क्यांच्या आसपास धरते, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही, त्यामुळे ओलं झालं की नायलॉन थोडं ढिलं पडते. वेलक्रोचा पट्टा कापूस वेचायला जाताना लावू नका, कापसाचे तंतू आकड्यांत अडकून बसतात आणि पकड जाते.

भोक वाढवायचं असलं तर खिळा ठोकू नका. पंचनं पाडलेल्या गोल भोकाच्या कडेवर ताण वाटला जाते, खिळ्यानं मात्र चिरा पडतात आणि चिरेच्या टोकावर सगळा ताण एकवटून तिथूनच चामडं फाटत जाते. भिजलेला पट्टा चुलीपाशी वाळवू नका, झाडाच्या सालीनं कमावलेलं ओलं चामडं 70-80 अंशांच्या आसपास आखडून कडक होते. तेल लावायचं तर एरंडेलाचे दोन-चार थेंब, कापडानं पुसून. आमच्या बाबांनी एकदा घरातलं जवसाचं तेल प्रेमानं भरपूर चोळलं होतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते आणि घट्ट होते, रंगात म्हणूनच वापरतात ते. महिनाभरात पट्ट्यावर चिकट कडक पापुद्रा आला आणि वाकवला की भेगा पडू लागल्या.

आता माझ्याकडे दोन-दोन मिलिमीटरचे दोन पदर चिकटवून चार ओळी शिवलेला पट्टा आहे, बाजारात चपला शिवणाऱ्या काकांनी माझ्यासमोर बसून केला, रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या हत्यारानं कड तासून दिली. पक्कड उजव्या हाडाच्या थोडी मागे, बॅटरी डावीकडे, विळा म्यानात. या हरभऱ्याला तीन पाळ्या झाल्या, पाट तेवढेच ओलांडले, पक्कड अजून पाउचातच आहे.