हब-स्थाननिश्चिती

वाहतुकीच्या जाळ्यातील कोणती ठिकाणे हब (माल किंवा प्रवासी एकत्र आणून पुन्हा फाकविणारी केंद्रे) करावीत आणि उरलेली ठिकाणे कोणत्या हबला जोडावीत, हे कमीत कमी खर्चाच्या दृष्टीने ठरविण्याचा गणिती प्रश्न. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा म्हणजे हब, त्यात बसविलेले आरे म्हणजे स्पोक. ‘तुंबा-आरे’ हा प्रतिशब्द चपखल बसला असता. पण विमान कंपन्यांपासून कुरिअरवाल्यांपर्यंत सर्वत्र ‘हब’ हाच शब्द रूढ आहे.

हबमार्गे वाहतूक करण्याच्या पद्धतीचे श्रेय सहसा अमेरिकेला दिले जाते. डेल्टा या विमान कंपनीने १९५५ च्या सुमारास ॲटलांटा येथे उड्डाणांची अशी गुंफण केली, असे सांगतात. फेडरल एक्सप्रेस या कुरिअर कंपनीने १७ एप्रिल १९७३ रोजी मेम्फिसहून १४ विमानांनिशी २५ शहरांची सेवा सुरू केली. पहिल्या रात्री १८६ पाकिटे होती. टपालापुरते पाहिल्यास मात्र भारतातील उदाहरण याआधीचे आहे. १९४९ च्या सुरुवातीस चालू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या शहरी परतत. चार शहरे थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. येथे चारांत भागले. नागपूरची निवड सूत्राने झाली नसावी. चारही शहरांपासून ते हवाई अंतराने सु. ७०० ते १,००० किमी.वर पडते, एवढे पुरेसे होते. माल एका बिंदूवर आणून पुन्हा फाकविणे हीच हबची कसोटी मानल्यास नागपूरचा दावा अधिक सबळ वाटतो.

गणिताच्या बाजूने हकीमी यांच्या १९६४ च्या प्रमेयानंतर (एकूण अंतर किमान करणारी केंद्रे जाळ्यातील ठिकाणांवरच शोधली तरी पुरते, असे ते सांगते) गोल्डमन यांचा १९६९ चा लेख हबविषयक पहिला मानण्याकडे काहींचा कल आहे. तथापि प्रश्नाला आजचे रूप आले ते मॉर्टन ओकेली यांच्या १९८६ व १९८७ च्या लेखांमुळे. एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या मालाचा खर्च दोन्ही गावांच्या हबवर अवलंबून असतो. त्यामुळे दोन निर्णयांचा गुणाकार येतो व समीकरण द्विघाती होते. पंचवीस शहरांतून चार हब निवडण्याचे १२,६५० प्रकार आहेत. त्यांतील एकेका निवडीत उरलेली २१ शहरे चार हबना वाटून देण्याचे प्रकार सु. ४.४ लाख कोटी होतात. कॅम्पबेल यांनी १९९४ मध्ये याची रेषीय, म्हणजे असा गुणाकार नसलेली, मांडणी दिली.

जवळच्या हबला जोडणे नेहमीच किफायतशीर ठरत नाही. समजा मुंबई व नागपूर हे हब आहेत आणि नाशिकचा सगळा माल अमरावतीला जातो. अमरावती नागपूरला जोडलेली आहे. अंतरे ढोबळ धरू : नाशिक-मुंबई १७०, मुंबई-नागपूर ८००, नाशिक-नागपूर ६५० किमी. दोन हबमधील वाहतूक भरल्या गाड्यांनी होते म्हणून तिच्या खर्चाला सवलत-गुणक लावतात. तो ०.९ असल्यास मुंबईमार्गे नागपूरपर्यंतचा खर्च १७० + ७२० = ८९० एकक, थेट ६५०; म्हणजे नाशिक नागपूरला जोडावे. गुणक ०.५ केला की मुंबईमार्गे ५७० च होतात आणि उलटा फेरा स्वस्त पडतो. ०.६ ला दोन्ही सारखे.

साऱ्या उत्तराची भिस्त अशी या एका आकड्यावर असते, आणि तो बहुधा गृहीत धरलेला असतो. शिवाय कित्येकदा उत्तरात हब-हबमधील दुव्यावर माल तुरळक व एखाद्या आऱ्यावर भरपूर असतो. सवलत मात्र पहिल्यालाच. ओकेली व ब्रायन यांनी १९९८ मध्ये सवलत प्रत्यक्ष मालाच्या प्रमाणाशी जोडली. हीच मांडणी वास्तवाला धरून आहे, पण सोडवायला जड असल्याने स्थिर गुणकच अधिक वापरात राहिला.

पद्धतींची तुलना १९७० च्या अमेरिकी विमानप्रवासाच्या २५ शहरांच्या (योगायोगाने पुन्हा पंचवीसच) आकडेवारीवर किंवा ऑस्ट्रेलियन टपाल खात्याच्या २०० ठिकाणांच्या आकडेवारीवर करतात. दुसरीत गोळा करणे, हबांमधील वहन व वाटप यांचे गुणक अनुक्रमे ३, ०.७५ व २ आहेत. हबवर क्षमतेची मर्यादा नसेल आणि एका ठिकाणाला अनेक हब वापरण्याची मुभा असेल, तर बेंडर्स विघटनाने (मोठा प्रश्न लहान भागांत फोडून सोडविण्याच्या रीतीने) ५०० ठिकाणांपर्यंतचे प्रश्न अचूक सुटल्याचे २०११ मध्ये दाखविले गेले. क्षमतेची मर्यादा घातलेले व सर्वांत लांबचा प्रवास कमीत कमी करणारे प्रकारही आहेत. नाशवंत मालासाठी दुसरा प्रकार सोयीचा.