व्हर्च्युअल गिटार की अ‍ॅम्प सिम्युलेटर? आत काय सोडणार, ते आधी ठरवा

लग्नसराई जवळ आली की धुळे-जळगावकडे अहिराणी गाण्यांच्या घरगुती रेकॉर्डिंगला जोर येतो. गाणारे मिळतात, ढोलकी मिळते, कीबोर्ड तर घरोघरी असतो. गाडी अडते गिटारपाशी. मग कुणी तरी सांगतं, ‘गिटारचं प्लगइन टाक ना भाऊ.’ कोणतं, ते मात्र सांगत नाही. प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम, आणि गिटारच्या नावाखाली त्याच्या दोन वेगळ्या जाती मिळतात. एकाच्या जागी दुसरं टाकलं की ट्रॅकवर शुकशुकाट, नाहीतर डासांचा थवा.

व्हर्च्युअल गिटार हे वाद्य आहे. त्यात आवाज जात नाही, मिडी जातं: कोणता सूर, किती जोरात, किती वेळ. त्या सूचनेवरून खऱ्या गिटारचे रेकॉर्ड करून ठेवलेले सूर वाजतात. अ‍ॅम्पल साउंडची गिटार किंवा कॉन्टॅक्ट या रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या लायब्ऱ्या (सुरांचे संच) या जातीच्या. अ‍ॅम्प सिम्युलेटर हा इफेक्ट. त्याला पिकअपमधून, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागातून, येणारा गिटारचा कोरडा, विनाइफेक्ट आवाज लागतो. त्यावर तो अ‍ॅम्प, स्पीकरचं कॅबिनेट आणि पेडलं चढवतो. अ‍ॅम्प्लीट्यूब, गिटार रिग, फुकट मिळणारा न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे सगळे यातले. म्हणून केबलने गिटार जोडून त्या ट्रॅकवर व्हर्च्युअल गिटार टाकली तर काही वाजत नाही, आणि मिडी क्लिपवर नुसता अ‍ॅम्प सिम टाकला तरी नाही.

निवड त्यामुळे सोपी आहे. इलेक्ट्रिक गिटार घरात असेल आणि हात ताल सोडत नसेल, तर अ‍ॅम्प सिम घ्या. खऱ्या हाताची लय कुठल्याच लायब्ररीला पुरती जमत नाही. गिटार नसेल, किंवा गाण्याला फक्त अकॉस्टिकचं स्ट्रमिंग हवं असेल, तर व्हर्च्युअल. अकॉस्टिकला रॉकचा अ‍ॅम्प सिम लावून काही साधत नाही. लाकडाचा आवाज जातो आणि मधला गुबगुबाट उरतो.

व्हर्च्युअल गिटारसाठी लगेच मिडी कीबोर्ड विकत घेऊ नका. आपण ज्याला सरसकट कॅसिओ म्हणतो, त्याला यूएसबी मिडी असेल तर तोच चालतो. फक्त स्टाइल, म्हणजे आपोआप वाजणारी साथ, बंद ठेवा, कारण काही मॉडेलमध्ये स्टाइलमधले बास आणि ड्रमचे सूरही मिडीतून बाहेर पडतात आणि गिटार भलतंच बडबडू लागते.

खरी फसगत होते ती कॉर्डच्या मांडणीत. कीबोर्डवाला सी मेजर वाजवतो तेव्हा सा-ग-प हे तीन सूर बोटांखाली चिकटून असतात. गिटारवर तोच कॉर्ड जाड ई तार सोडून पाचव्या तारेपासून सुरू होतो आणि खालून वर सा-ग-प-सां-गं असे पाच सूर लागतात. कीबोर्डची मांडणी तशीच लायब्ररीत टाकली, तर सूर गिटारचा पण चाल हार्मोनियमची. लायब्ररीत कॉर्ड ओळखून मांडणी करणारा स्ट्रमर असेल तर तो वापरा. नसेल तर सूर हाताने लिहा आणि एकाच रेषेवर ठेवू नका. खालच्या स्ट्रोकला जाड तार आधी, पुढची प्रत्येक तार साधारण १० मिलिसेकंद मागून. एका मात्रेचे ९६० टिक पाडणाऱ्या ग्रिडवर, १००च्या टेम्पोला, हे १६ टिक होतात. वरच्या स्ट्रोकला क्रम उलटा, बारीक तीन-चार ताराच, आणि जोर कमी. एवढं केलं तरी निम्मा खोटेपणा जातो.

तयार पॅटर्न बहुतेक चार मात्रांचे असतात. आपली कितीतरी लग्नगीतं सहाच्या चालीवर डोलतात. तिथे चारचा पॅटर्न ओढूनताणून बसवू नका. ६/८चा पॅटर्न शोधा किंवा स्ट्रोक स्वतः लिहा.

कीस्विच, म्हणजे सूर न वाजवता वाजवण्याची पद्धत बदलणारी पट्टी, ही आणखी एक गोम. पाम म्यूट (तळहाताने तार दाबून वाजवणं), स्लाइड अशा करामती गिटारच्या सर्वांत खालच्या ईच्याही खालच्या पट्ट्यांवर ठेवलेल्या असतात. ती ई म्हणजे मिडी क्रमांक ४०. क्रमांक ६०ला काही सॉफ्टवेअर सी-३ म्हणतं, काही सी-४. पुस्तिकेत लिहिलेली पट्टी दाबून काहीच बदलत नसेल, तर एक सप्तक वर-खाली करून बघा. मींडीसाठी पिच बेंड वापरत असाल, तर लायब्ररीत त्याची मर्यादा किती स्वरांची ठेवली आहे ते आधी तपासा. नाहीतर मींड बेसूर उतरते.

शिकायला अ‍ॅम्पल गिटार एम लाइट फुकट आहे, पुरेशी आहे. कॉन्टॅक्टची लायब्ररी घेताना मात्र नीट वाचा: काहींना पूर्ण कॉन्टॅक्ट लागतं, आणि फुकटच्या प्लेअरमध्ये त्या १५ मिनिटं चालून बंद पडतात.

अ‍ॅम्प सिमचं दुखणं सॉफ्टवेअरच्या आधी, तारेतच सुरू होतं. गिटार ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डब्याच्या) ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ इनपुटलाच लावा. तिथला रोध साधारण १ मेगाओहम असतो. लाइन इनपुटला तो कितीतरी कमी, त्यामुळे पिकअपवर भार येतो आणि वरचे सूर मरतात. मग माणूस ट्रेबल वाढवत बसतो. सर्वांत जोराचा कॉर्ड वाजवा आणि मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवा. इथेच लाल दिवा लागला, तर पुढचा कितीही महागडा अ‍ॅम्प तो फाटलेला आवाज शिवू शकत नाही.

वाजवताना बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा ठेवा. ४८००० हर्ट्झला एका बाजूचा उशीर २.७ मिलिसेकंद होतो, ५१२ला १०.७. मिक्स करताना खुशाल १०२४ करा. मे महिन्यात, जळगाव-भुसावळला पारा ४५च्या घरात असताना, तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो आणि १२८वर टकटक ऐकू येऊ लागते. तेव्हा २५६ करा, बाकीचे ट्रॅक फ्रीझ करा (तात्पुरते तयार आवाजात बदलून ठेवा). कूलर चालू ठेवायला हरकत नाही, इथे माइक नाही. पण सिंगल कॉइल पिकअप कूलरच्या मोटारीपासून लांब हवा, नाहीतर तिची घूं थेट ट्रॅकवर येते.

घूं कुठून येते ते असं शोधा: लॅपटॉपचा चार्जर काढा. आवाज गेला तर दोष चार्जर आणि अर्थिंगचा. इन्व्हर्टरवर असतानाच किरकिर वाढत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (खडबडीत वीज देणारा) आहे का बघा. जागेवर फिरल्याने कमी-जास्त होत असेल, तर ते पिकअप आहे.

डासांच्या थव्याचं कारण एकच: कॅबिनेट बंद. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलरमध्ये हे फार होतं. त्याचं एक कॅप्चर (खऱ्या उपकरणावरून घेतलेली आवाजाची नक्कल) नुसत्या अ‍ॅम्पचं असतं, त्याला कॅबिनेटची आयआर फाइल, म्हणजे त्याच्या आवाजाचा ठसा, लागते. दुसरं कॅबिनेटसकट असतं, त्यावर पुन्हा आयआर लावली की आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. कॅप्चर उतरवताना वर्णन वाचणं हाच इलाज.

आणि हो, दोन्ही एकत्रही चालतात: व्हर्च्युअल इलेक्ट्रिक गिटार वाद्याच्या जागी, तिच्या खाली अ‍ॅम्प सिम इफेक्टच्या जागी. अट एकच, लायब्ररीतून कोरडा आवाज निघाला पाहिजे. तिच्या आतला अ‍ॅम्प आणि कॅबिनेट बंद करायचं बटण सापडत नसेल, तर तिला तिच्याच अ‍ॅम्पवर वाजू द्या, खाली दुसरा लावू नका.